भालेकऱ्यांच्या गालावरचा उजेड

बसच्या रांगेत कुणी हसलं की तिच्या मनात आधी त्या दातांच्या छटेचा नंबर यायचा, माणूस नंतर. वय अठ्ठेचाळीस. त्यातली सव्वीस वर्षं दंतवैद्यांसाठी लॅबमध्ये दात घडवण्यात गेलेली. मेण, साचे, पोर्सेलीन, आणि सुईच्या टोकाएवढ्या जागेवर रंग. ओळखीचे लोक तिला दातवाली म्हणायचे आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. "बोळक्यांना माझाच आधार आहे," असं म्हणून तीच हसायची.

घरात ती आणि तिचे वडील, अप्पा, अशी दोघंच. अप्पा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. उभं आयुष्य रेघा मारण्यात गेलं आणि निवृत्तीनंतर त्या रेघा दिसणंच बंद झालं. दोन वर्षांत दोन्ही डोळे गेले. अंधार नाही म्हणे, धुकं. राखाडी, सपाट, उजेड-सावली काही नसलेलं. समोरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची वेताची खुर्ची होती. दिवसभर ते तिथं बसायचे आणि कुणी बोललं की आवाजाकडे तोंड वळवायचे.

त्या खोलीचा बाकी सगळा भाग टेबलानं खाल्ला होता. आठ फूट लांब, पाच फूट रुंद प्लायवूड, त्यावर हिरवी-तपकिरी माती, झुडपं, एक ओढा. अप्पांचं रणांगण. पाचशे वर्षांपूर्वीच्या भाडोत्री फौजा हा त्यांचा तीस वर्षांचा नाद. लांब भाले, तोड्याच्या बंदुका, पिसांच्या टोप्या, आणि चिरा पाडलेल्या फुगीर बाह्या ज्यांतून दुसराच रंग डोकावतो. सैनिक शिशाचे, अंगठ्याच्या पेराएवढे. समोरच्या बाजूची फौज कप्तानाची. कप्तान म्हणजे निवृत्त बसचालक. खऱ्या फौजेशी त्याचा काही संबंध नव्हता, पण तीस वर्षं दर रविवारी तो अप्पांविरुद्ध लढत आला होता आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता कप्तान गाव सोडून मुलाकडे कायमचा राहायला चालला होता. जायच्या आधी एक शेवटची लढाई व्हायची होती. तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी.

आणि अप्पांचे बेचाळीस भालेकरी अजून डब्यात कच्चेच पडले होते.

"राहू द्या की. जुन्यांवर भागवा," ती म्हणाली.

"भागवायचं असतं तर तीस वर्षं कशाला घालवली असती?" अप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "तुझा हात आहे गं. डोळेही आहेत. करशील?"

अप्पांनी आयुष्यात तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. ती हो म्हणाली.

लॅबमधून दुपारी दोनला सुटून ती घरी येई आणि पाचपर्यंत टेबलाच्या कोपऱ्यावर बसे. साच्यातून आलेल्या सैनिकांचे भाले उभे होते. अप्पांना ते पुढे रोखलेले हवे होते. म्हणजे प्रत्येकाची मनगटं कापायची, कोपर वाकवायचा, दाताला भोक पाडतात त्याच ड्रिलनं मुठीत आरपार भोक पाडायचं आणि भाला म्हणून पोलादी तार घालायची. एका साच्यातले दोघं सारखे दिसू नयेत म्हणून मानाही बदलायच्या. याचं डोकं त्याच्या धडावर, जरा तिरपं, जरा खाली. टोपीवरची पिसं पुट्टीची. ती दात कोरायच्या हत्यारानं कोरायची. आठवड्याभरात बेचाळीसच्या बेचाळीस उभे राहिले. अप्पांनी बोटांनी चाचपून एकेकाची परीक्षा घेतली आणि फक्त दोघांना नापास केलं. ते तिनं पुन्हा घडवले.

रंगाच्या बाबतीत अप्पांचा एकच नियम होता. आधी सगळं काळं करायचं, मग थरावर थर देत गडदाकडून फिक्याकडे यायचं. याला ते उजेड चढवणं म्हणायचे. "आणि उजेड एकच. सैनिकाच्या उजव्या खांद्यावरून येणारा, सकाळी अकराचा. सगळ्या फौजेवर एकच सूर्य पाहिजे. नाहीतर ती फौज नव्हे, गर्दी."

पहिल्या दिवशी तिनं सहा चेहरे रंगवले. उजवा गाल उजळ, डावा सावलीत. काम बरं झालं म्हणून मोबाईलवर फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी ट्रे काढला तेव्हा सहाही जणांचे डावे गाल उजळ होते.

तिला वाटलं, आपलीच चूक. दिवसभर उलट्या साच्यांत दात घडवणाऱ्या माणसाचं डावं-उजवं कधीतरी फिरणारच. तिनं गप्पपणे ते सहा पुन्हा रंगवले आणि आणखी आठ केले. तिसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा डावीकडून उजळलेले. या वेळी तिनं फोटो काढून बघितला. फोटोत उजवा गाल. हातात डावा.

तिनं भिंग लावलं. रंग खरवडलेला नव्हता, वरून दुसरा थर नव्हता. पण छटा तिची नव्हती. ती पांढरट पिवळ्यानं उजेड चढवत असे. हा नारिंगीकडे झुकणारा होता आणि तो वरून नाही, खालून येत होता. हनुवटीच्या खाली, नाकपुडीच्या कडेला, पापणीच्या आतल्या काठावर. एवढ्या बारीक जागी रंग घालणारा ब्रश तिच्याकडे नव्हता. कुणाकडेच नसतो.

"काय गं, गप्प का?" अप्पांनी खुर्चीतून विचारलं.

"काही नाही. रंग वाळायची वाट बघतेय."

माणूस शास्त्राचा असला की आधी घाबरत नाही, आधी तपासतो. तिनं ट्रे उलटा फिरवून ठेवला. दुसऱ्या दिवशी उजेड त्यांच्या दुसऱ्या गालावर होता. म्हणजे खोलीतली दिशा तीच. एका सैनिकाला नुसता काळा ठेवला, रंगाला हातच लावला नाही. सकाळी त्याच्या काळ्या चेहऱ्याच्या कडेला केसाएवढी तांबूस रेघ होती. मग तिनं पाच जण कापसात गुंडाळून लॅबमध्ये नेले आणि आपल्या कप्प्यात कुलपात ठेवले. दोन दिवसांनी काढले. पाचही जणांचा उजेड लॅबच्या खिडकीच्या बाजूनं होता. ती खिडकीत गेली. तिथून चार गल्ल्यांपलीकडे त्यांच्या घराची गच्ची दिसत होती.

त्या दुपारी तिनं शिवणकामाचा दोरा आणि टाचण्या घेतल्या. तोवर रंगून झालेले बेचाळीस जण टेबलावर मांडले. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर सगळ्यात उजळ ठिपका कुठे आहे ते भिंगातून पाहायचं, तिथून उजेडाच्या दिशेनं दोरा ताणायचा आणि पलीकडे टाचणी. दोन तास गेले. शेवटचा दोरा बांधून ती मागे सरकली.

बेचाळीस दोरे एका बिंदूत मिळत होते. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात, ओढ्याच्या अलीकडे. तिथं काहीच नव्हतं. नुसती हिरवी माती.

तिला मग राहवलं नाही. तिनं अप्पांना सगळं सांगितलं.

"कुठला कोपरा?" शेवटी त्यांनी विचारलं.

"ओढ्याच्या अलीकडचा."

"तिथं घर होतं," अप्पा म्हणाले. "मी केलं होतं. काडेपेटीच्या काड्यांचं छप्पर."

"मग काढलं का?"

"कप्तानाला आवडत नव्हतं."

संध्याकाळी तिनं कप्तानाला फोन लावला. तो सामान बांधत होता. खोकी सरकवल्याचे आवाज येत होते.

"मला? मला कशाला नाही आवडणार?" तो म्हणाला. "झकास घर होतं. एका लढाईत आम्ही ते जाळलं. म्हणजे खेळात गं. धूर म्हणून कापूस लावला. दुसऱ्या दिवशी तुझ्या अप्पांनीच ते उचलून फेकून दिलं. मला म्हणाले, कप्तान, आत कुणीतरी होतं."

"एखादा सैनिक राहिला असेल आत."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, मी मोजून बघितले. आपले सगळे बाहेर होते." खोकी सरकायची थांबली. "तू का विचारतेस?"

ती म्हणाली, सहज.

दुसऱ्या दिवशी दोरे चुकले. म्हणजे दोरे होते तिथंच होते, चेहऱ्यांवरचा उजेड हलला होता. तिनं ते पुन्हा ताणले. नवा बिंदू जुन्यापासून वीतभर पुढे, टेबलाच्या काठाकडे आला होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी वीतभर. त्याच्या पुढच्या दिवशी दोरे टेबलाबाहेर गेले, हवेत मिळाले, आणि तिला टाचणीऐवजी स्टुलावर डबा ठेवून त्यावर ते टेकवावे लागले.

स्टूल रोज वीतभर सरकत गेलं. कुणीकडे, हे सांगायला पट्टीची गरज नव्हती. खिडकीपाशी वेताची खुर्ची होती आणि खुर्चीत अप्पा, मांडीवर हात ठेवून, तोंड तिच्या श्वासाकडे वळवून.

शुक्रवारी दोन विती उरल्या.

"अप्पा, खुर्ची हलवूया आपण. रविवारी तुम्हाला टेबलापाशी बसायचंच आहे, आजपासून बसा."

"कुठे?"

"तुमच्या फौजेच्या मागे. सेनापतीची जागा."

ते उठले, तिच्या हाताला धरून टेबलाला वळसा घालून आले आणि काही न विचारता बसले. तिला हायसं वाटलं. शनिवारी तिनं भालेकऱ्यांकडे बघितलंच नाही. झाकण लावलेला ट्रे कपाटात, कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

रविवारी सकाळी साडेनऊला तिनं ट्रे उघडला आणि त्यांना टेबलावर त्यांच्या जागी उभं केलं. सहा रांगा, प्रत्येक रांगेत सात. भाले पुढे रोखलेले, पाठ अप्पांच्या खुर्चीकडे.

त्यांचे चेहरे काळे होते. सगळ्यांचे. नाक, डोळे काही दिसत नव्हतं. मग ती अप्पांच्या बाजूला आली आणि तिला पाठी दिसल्या. बेचाळीस पाठी, टोप्यांच्या मागच्या कडा, बाह्यांच्या चिरा, टाचा. नारिंगी. दोरे लावायची गरजच नव्हती.

बेल वाजली. कप्तान आपली फौज दोन लाकडी पेट्यांत घेऊन आला होता, धुतलेला शर्ट घालून, प्रसंगाला साजेसा. तिनं त्याला दारातच अडवलं.

"काका, आज नको. पुढं ढकलूया."

"परवा चाललो मी. पुढं कुठं ढकलतेस?"

"मला बरं वाटत नाहीये. खोलीत काहीतरी..." तिला पुढचं वाक्य सापडेना. सव्वीस वर्षं दात घडवणाऱ्या बाईच्या तोंडी शोभेल असं वाक्यच नव्हतं ते.

आतून अप्पांचा आवाज आला. "दोन वर्षं मला उजेड म्हणून दिसलेला नाही. आणि तू मला उजेडाची भीती घालतेस? येऊ दे त्याला आत."

कप्तान आत गेला.

तिनं तेवढ्यात एक केलं. खिडकीचे जाड पडदे ओढून घेतले आणि टेबलावरचा पांढरा दिवा लावला. बाहेरचा कुठलाच उजेड खोलीत नको होता तिला. दुसरा काही उजेड आला तर तो ओळखू यायला हवा होता.

खेळ सुरू झाला. फासे कप्तान टाकायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. अप्पा हात पुढे करून रांगा चाचपायचे, हुकूम द्यायचे, ती सैनिक सरकवायची. पहिला अर्धा तास सगळं जुन्यासारखंच होतं. कप्तानाच्या बंदूकवाल्यांनी ओढा ओलांडला. अप्पा हसले. "आलास का चिखलात? ये, ये."

मग त्यांनी भालेकऱ्यांच्या मागच्या रांगेवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"तापलेत," अप्पा म्हणाले.

तिनं हात लावला. धातू थंडगार होता.

"अप्पा, थांबूया का?"

"नाही. पुढे घे त्यांना. तीन बोटं."

तिनं पुढे घेतले. कप्तानानं फासे टाकले. आकडा सांगायला तोंड उघडलं.

"पाच आणि दोन," अप्पा म्हणाले.

फाशांवर तेच आकडे होते.

"कप्तान, तुझ्या शर्टाचं दुसरं बटण तुटलंय."

कप्तानानं खाली बघितलं. बटणाच्या जागी नुसता दोरा लोंबत होता.

"अप्पा?" ती म्हणाली.

अप्पांनी मान वळवली. आवाजाकडे नाही. तिच्याकडे. त्यांचे डोळे तिच्या कपाळावर, केसांवर, परत चेहऱ्यावर आले.

"केस किती पिकले गं तुझे," ते म्हणाले. "कधी?"

ती रडली. कप्तानही रडला, मोठ्यानं, नाक पुसत, फासे हातात तसेच. दोघांनी अप्पांना धरलं आणि अप्पा त्यांच्या खांद्यांवरून आपली खोली बघत राहिले, टेबल, ओढा, कपाट. आनंद खरा होता. त्या क्षणी कुणी तिला विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं की यासाठी मी काहीही दिलं असतं.

लढाई अर्धीच राहिली. कप्तान निघाला तेव्हा ती त्याला दारापर्यंत सोडायला गेली. तो जिन्यावर थांबला.

"पडदे बंद होते ना गं?"

"हो."

"आणि तुझा दिवा टेबलाच्या मधोमध." त्यानं पेट्या खाली ठेवून पुन्हा उचलल्या. "मग मला मिठी मारली तेव्हा त्यांनी डोळे का किलकिले केले? ऊन डोळ्यांवर यावं तसे?"

आणि तो जिना उतरून गेला.

ती परत आली तेव्हा अप्पा एक भालेकरी डोळ्यांपाशी धरून बघत होते. "छान केलेस. उजेड अगदी बरोबर," ते म्हणाले. तिनं बघितलं. उजवा गाल, वरून, सकाळचे अकरा. तिचाच रंग. बेचाळिसांपैकी एकाच्याही अंगावर आता नारिंगी उरलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तिनं अप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर दोन वर्षं त्यांना ओळखत होते. भिडस्त, सावध माणूस. त्यांनी डोळ्यांच्या मागच्या पडद्याचे नवे फोटो काढले, जुन्यांशेजारी लावले आणि बराच वेळ खुर्ची मागेपुढे हलवत बसले.

"काही फरक नाही," ते तिला म्हणाले. "हे डोळे बघू शकत नाहीत."

"पण ते बघतात."

"तेच." त्यांनी अप्पांना तक्त्यासमोर बसवून खोलीत अंधार केला. अप्पांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी वाचल्या, शेवटची बारीकसुद्धा, एकदाही न अडखळता. डॉक्टर टाळी वाजवायच्या बेतात होते. मग त्यांचा हात बटणांवर गेला आणि तिथंच राहिला. तक्त्यामागचा दिवा लावायचाच राहून गेला होता.

त्यांनी पुन्हा यायची तारीख दिली नाही. तिनं मागितलीही नाही.

घरी दिवस चांगले जात होते, असंच म्हणायला हवं. अप्पा स्वतःच्या हातानं चहा करत, वर्तमानपत्र वाचत, तिच्या कामात चुका काढत. त्यांनी रंगांचा डबा परत मागून घेतला. कप्तानासाठी एक घोडेस्वार करून पाठवायचा होता, स्वतःचा हात लावून. ते दुपारभर टेबलाशी बसत. पडदे मात्र ते आता ओढूनच ठेवत, आणि दिवा लावत नसत. "त्या दिव्यानं मला त्रास होतो," असं म्हणत. ती लॅबमधून येई तेव्हा खोलीत अंधूक असे आणि त्या अंधूकात ते शून्य नंबरच्या ब्रशनं घोडेस्वाराच्या डोळ्यात बाहुली काढत असत.

एका दुपारी ती चहाचा कप घेऊन आत आली. अप्पा मान खाली घालून रंगवत होते. ती कप ठेवायला त्यांच्या डाव्या बाजूला गेली. तिथं कोरी भिंत होती, ना खिडकी ना दार. तिथून तिनं त्यांच्याकडे बघितलं. वय झालेला, ओळखीचा, आवडता चेहरा. सुरकुत्यांच्या नारिंगी कडा तिला स्पष्ट दिसत होत्या. एवढ्या अंधारात दिसायला नको होत्या इतक्या स्पष्ट. फक्त गालाच्या मधोमध एक सावली आडवी पडली होती.

"जरा बाजूला हो," अप्पा म्हणाले. "उजेड अडतोय."

ती दचकून दोन पावलं मागे सरकली. चहा बशीत सांडला.

"तू नाही गं," अप्पा मान वर न करता म्हणाले.

आणि त्यांच्या गालावरची सावली सावकाश बाजूला झाली.